थकलेल्या फौजेचा अल्बम

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा ‘पॉवरस्लेव्ह’ हा अल्बम मोठा की ‘समव्हेअर इन टाइम’? बहुतेक मेडनवाल्यांना यावर विचारसुद्धा करावा लागत नाही. ‘पॉवरस्लेव्ह’, असं उत्तर येतं, आणि वर ‘हा काय प्रश्न झाला?’ अशी नजर. १९८४चा अल्बम. सुरुवातीला ‘एसेस हाय’, पाठोपाठ ‘टू मिनिट्स टू मिडनाइट’, सातव्या जागी शीर्षकगीत आणि शेवटी पावणेचौदा मिनिटांचं ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’. एवढ्या चार गाण्यांवर एखाद्या बँडचा जन्म निघावा. मला हे सगळं मान्य आहे. तरी माझं मत ‘समव्हेअर इन टाइम’ला जातं. का जातं ते तोंडी सांगायला गेलं की समोरचा ‘राइम’चा बेस तोंडाने वाजवायला लागतो आणि वाद तिथेच बारगळतो. म्हणून लिहितो आहे.

माझ्यापुरते हे अल्बम जुळे आहेत, आणि त्याला कारणीभूत आहे एक कॅसेट. कॉलेजात एका मित्राने नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर मला दोन्ही उतरवून दिले. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा. मनाने उदार माणूस, पण गणिताशी त्याचं वाकडं. हे दोन्ही अल्बम एक्कावन्न मिनिटांच्या आसपासचे आणि कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. त्यामुळे दोन्हींकडे शेवटचं गाणं मध्येच तुटायचं. ‘राइम’मध्ये खलाशी अल्बट्रॉस मारतो, शाप लागतो, सोबतचे एकेक करून मरतात, संगीत जवळजवळ थांबतं, जहाजाची लाकडं करकरतात आणि खट्. टेप संपली. त्या म्हाताऱ्या खलाशाला उःशाप मिळतो हे मला बराच काळ माहीतच नव्हतं. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं ‘अलेक्झांडर द ग्रेट’. त्याची तर दोन-अडीच मिनिटंच हाती लागली होती. सुरुवातीला फिलिप राजा मुलाला सांगतो की माझं राज्य तुला लहान पडेल, तू दुसरं शोध. मग हळूहळू चढत जाणाऱ्या गिटारी आणि मोहिमेची सुरुवात. माझ्या कॅसेटवर सिकंदराची फौज निघाली, पण ती कुठे पोचली ते कळायला सोय नव्हती.

म्हणजे मी हे अल्बम शेवटांशिवाय ऐकत मोठा झालो. याचा एक परिणाम असा झाला की मधल्या गाण्यांशी माझी ओळख जरा जास्तच घट्ट झाली. फॉरवर्ड करून करून टेप गुंडाळली जायची भीती, त्यामुळे नावडतं गाणंही पुरतं ऐकून घ्यायचं. आणि मधली गाणी बघितली की या दोन अल्बमांमधला फरक उघडा पडतो.

‘पॉवरस्लेव्ह’ची मधली चार गाणी घ्या. ‘लॉस्फर वर्ड्स’ हे वाद्यसंगीत: छान आहे, बोटं चपळ आहेत, पण संपल्यावर मागे काही राहत नाही. मग ‘फ्लॅश ऑफ द ब्लेड’, तलवारबाजीवर. त्याच्यामागून लगेच ‘द ड्युएलिस्ट्स’, तेही तलवारबाजीवर! गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः चांगला तलवारबाज, त्यामुळे पहिल्याचं समजू शकतो. पण दुसरं बेस वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसचं. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही का, असा प्रश्न मला अजून पडतो. ‘ड्युएलिस्ट्स’च्या मधल्या भागात गिटारींची जुगलबंदी देखणी आहे, हे कबूल. मग ‘बॅक इन द व्हिलेज’, ज्याची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची सुरावट, धारदार आहे पण कोरस घाईत शिवल्यासारखा. या चौघांपैकी एकही गाणं वाईट म्हणता येणार नाही. मात्र यांतलं कुठलंही उचलून आधीच्या वर्षीच्या ‘पीस ऑफ माइंड’वर ठेवलं असतं, तर कोणाला पत्ता लागला नसता. ‘पॉवरस्लेव्ह’ची बांधणी आपल्या दिवाळी अंकासारखी आहे: पुढच्या पानांवर मोठी नावं, मागे एक दणदणीत दीर्घकथा, आणि मधल्या मजकुराचं मुखपृष्ठाशी फारसं नातं नाही.

‘पॉवरस्लेव्ह’च्या कीर्तीतला निम्मा वाटा ‘लाइव्ह आफ्टर डेथ’चा आहे, असंही माझं मत आहे. १९८५चा तो लाइव्ह अल्बम, मुख्यतः कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच अरेनात रेकॉर्ड केलेला. चर्चिलचं भाषण, टाळ्यांचा गजर आणि त्यातून फुटणारं ‘एसेस हाय’ डोक्यात इतकं बसलेलं असतं की स्टुडिओतलं ‘एसेस हाय’ लावलं की चर्चिलशिवाय चुकल्यासारखं वाटतं. आपण ‘पॉवरस्लेव्ह’ म्हणून ज्याच्यावर जीव टाकतो ते पुष्कळदा लाँग बीचचं मेडन असतं. ‘समव्हेअर इन टाइम’च्या नशिबी हे आलं नाही. त्याच्या १९८६-८७च्या दौऱ्याचा लाइव्ह अल्बम बँडने काढलाच नाही. त्यामुळे तो अल्बम जसा स्टुडिओतून बाहेर पडला तसाच आपल्यापर्यंत आला, त्या चकचकीत, काहीशा गार आवाजात.

त्या आवाजावरून त्याला बोल लावणारे पुष्कळ आहेत. गिटार सिंथेसायझर, म्हणजे गिटारीतून इलेक्ट्रॉनिक आवाज काढणारं यंत्र! १९८६ हे साल तसं कठीण होतं. त्याच वर्षी मेटॅलिकाचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ आला, स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’ आला; मेटल जास्त कोरडं, जास्त वेगवान, जास्त रागीट होत चाललं होतं. दुसरीकडे जुडास प्रीस्टनेही ‘टर्बो’मध्ये गिटार सिंथ वापरून आपल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या. मेडनने ते यंत्र वापरलं, पण प्रीस्टसारखं रेडिओकडे डोळा ठेवून वापरलं नाही. त्यांची गाणी लांबच राहिली. आठांपैकी सहा साडेपाच मिनिटांच्या पुढची. हॅरिसच्या बोटांमधून निघणारी बेसची घोडदौडही तशीच. फक्त तिच्यावर एक धातूचा मुलामा आला, आणि ‘कॉट समव्हेअर इन टाइम’च्या सुरुवातीला तो असा पसरतो की घोडे खरे नसून यांत्रिक आहेत असं वाटावं. मला हा आवाज आवडतो. तो कशासाठी आला आहे हे कळल्यावर जास्त आवडला.

‘पॉवरस्लेव्ह’नंतर बँड ‘वर्ल्ड स्लेव्हरी टूर’वर निघाला. ऑगस्ट १९८४मध्ये पोलंडपासून सुरुवात, जुलै १९८५मध्ये कॅलिफोर्नियात शेवट. पोलादी पडद्याआडचे पोलंड आणि हंगेरी, शिवाय युगोस्लाव्हिया, जानेवारीत रॉक इन रिओ, अमेरिका उभी-आडवी. कार्यक्रमांची संख्या पावणेदोनशेच्या वर. रोज रात्री ममीच्या वेशातला अवाढव्य एडी (बँडचा मुखपृष्ठांवरचा राक्षस), फॅरोची म्हणजे इजिप्तच्या राजाची पिसं लावून गाणारा डिकिन्सन आणि पावणेचौदा मिनिटांचं ‘राइम’. हे अकरा महिने. परतल्यावर माणसं पार पिळून निघाली होती. डिकिन्सन नव्या अल्बमसाठी अकूस्टिक वळणाची, अगदी वेगळ्या धाटणीची गाणी घेऊन आला. ती बाजूला ठेवली गेली. ‘समव्हेअर इन टाइम’वर गीतकार म्हणून त्याचं नाव एकाही गाण्यावर नाही. ज्या माणसाने ‘पॉवरस्लेव्ह’ हे शीर्षकगीत लिहिलं, मृत्यूपुढे हतबल झालेला फॅरो उभा केला, तो पुढच्याच अल्बमवर फक्त गायक आहे.

ती जागा गिटारिस्ट एड्रियन स्मिथने भरली. ‘वेस्टेड इयर्स’, ‘सी ऑफ मॅडनेस’ आणि ‘स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड’ ही तीनही त्याची. ‘वेस्टेड इयर्स’ सरळसरळ दौऱ्यावरच्या माणसाचं गाणं आहे: घर लांब, दिवस हातातून निसटलेले, आणि स्वतःलाच घातलेली समजूत. उघड्या तारेवर पुन्हा पुन्हा येऊन आपटणारी ती सुरुवातीची सुरावट ज्याने एकदा ऐकली त्याला ती विसरता येत नाही. ‘स्ट्रेंजर’मध्ये उत्तर ध्रुवाकडे गेलेला एक शोधक आहे, बर्फात गाडला गेलेला, घरी कधीच न परतलेला. गाण्याची चाल मेडनच्या मानाने संथ आहे आणि मधला सोलो स्मिथच्या उत्तम सोलोंपैकी एक. वेग दाखवायची त्याला अजिबात घाई नाही.

आता हॅरिसच्या गाण्यांकडे या. ‘हेवन कॅन वेट’मध्ये मरणाच्या दारातून परत फिरू बघणारा माणूस. ‘द लोनलीनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर’ नावाप्रमाणेच लांब पल्ल्याच्या धावपटूचं: धावत राहायचं, थांबता येत नाही, आणि कशासाठी धावतोय ते आता आठवत नाही. ‘देजा व्हू’ त्याने दुसरा गिटारिस्ट डेव्ह मरे याच्याबरोबर लिहिलं. या अल्बममधलं ते सगळ्यात कच्चं गाणं म्हणायला माझी हरकत नाही. पण कुठे तरी आधी येऊन गेल्याचा भास, तीच जागा, तेच चेहरे! रोज नवं शहर आणि रोज तेच ड्रेसिंग रूम पाहणाऱ्या माणसांनी हे गाणं लिहावं यात नवल नाही. हे कच्चं गाणं मी ‘पॉवरस्लेव्ह’वर ठेवू शकत नाही, ‘पीस ऑफ माइंड’वर तर नाहीच. ते इथलंच आहे. माझा सगळा मुद्दा खरं तर एवढाच आहे. दोन अल्बमांची तुलना करताना लोक शिखरं मोजतात. शिखरांवर भांडून काही हाती लागत नाही, कारण चांगल्या बँडची शिखरं बहुतेक वेळा सारख्याच उंचीची असतात. मी सगळ्यात दुबळं गाणं उचलून बघतो की ते निघतं का. निघालं तर ती गाण्यांची चांगली मोळी. नाही निघालं तर अल्बम.

(‘सी ऑफ मॅडनेस’ या कसोटीला थोडं डगमगतं. त्याचा मधला शांत तुकडा मला फार आवडतो म्हणून मी त्याच्याकडे काणाडोळा करतो. पक्षपात आहे, असू दे.)

राहिलं ‘अलेक्झांडर द ग्रेट’. पुढे कधीतरी विकत घेतलेल्या सीडीवर मी ते पहिल्यांदा पूर्ण ऐकलं, आणि आधी हसूच आलं. साडेआठ मिनिटांचा इतिहासाचा तास आहे तो. सनावळ्या, इराणचा राजा डरायस, गॉर्डियमची गाठ, ग्रीक संस्कृतीचा प्रसार, बाबिलोनमध्ये तापाने मृत्यू. शाळेत आम्हाला इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी लिहून दिलेल्या मुद्द्यांवर चाल लावावी तसं. आमच्या पुस्तकात मात्र सिकंदराच्या धड्याचा नायक पोरस होता; झेलमच्या काठी हरलेला, आणि तरीही ‘राजासारखं वागव’ म्हणणारा. मी गाण्यात पोरसाची वाट बघत राहिलो. तो आलाच नाही! हॅरिसच्या गाण्यात भारत येतो तो फक्त नकारात: लढून दमलेली फौज त्याच्यामागे भारतात यायला तयार होत नाही. इतिहास बघितला तर फौज सिंधू ओलांडून आली होती, इ.स.पू. ३२६मध्ये पोरसाशी लढली होती आणि मग बियासच्या काठावर हट्टाला पेटली की आता पुरे, घरी चला. म्हणजे हॅरिसने भूगोल थोडा आखडला आहे. पण त्या ओळींपाशी मी थबकलो, कारण तिथे तास संपतो. लढाईचा, वेदनेचा आणि चक्क वैभवाचाही कंटाळा आलेली माणसं. अकरा महिने जग पालथं घालून आलेल्या बँडने, सगळं जिंकून झाल्यावर, दिग्विजयावर गाणं लिहायला घेतलं आणि त्यात पुढे जायला नकार देणारी फौज आणून उभी केली. हॅरिसने हे जाणूनबुजून केलं असेल असं मी म्हणत नाही. त्याला बहुधा फक्त सिकंदर हवा होता. पण ज्या अल्बमवर घरची ओढ, बर्फात हरवलेला शोधक, थांबता न येणारा धावपटू आणि परत फिरू बघणारा मरणासन्न माणूस आधीच येऊन बसले आहेत, त्याच्या शेवटी ही फौज अचूक जागी येते. माझ्या कापलेल्या कॅसेटवर ती फक्त निघाली होती, दमली नव्हती. इतकी वर्षं मला हा अल्बम म्हणूनच निम्मा कळला होता.

मुखपृष्ठाचंही तेच झालं. डेरेक रिग्जने काढलेलं ते भविष्यातलं शहर, हातात बंदूक घेतलेला यंत्रमानव एडी, आणि मागच्या भिंती-पाट्यांवर बँडचा सगळा भूतकाळ लपवलेला. घड्याळात तेवीस वाजून अठ्ठावन्न मिनिटं, म्हणजे मध्यरात्रीला दोन कमी. एन्शंट मरिनर नावाचं खाणावळीचं दुकान. अकेशिया नावाचा रस्ता. कुठल्याशा फलकावर फुटबॉलचा निकाल: वेस्ट हॅम ७, आर्सेनल ३ (हॅरिस वेस्ट हॅमचा कट्टर, स्वप्नात तरी जिंकू दे). चित्रात बॅटमॅनही आहे. कॅसेटच्या इवल्याशा कागदावर यातलं काही दिसत नाही, आणि माझ्या कॅसेटवर तर मित्राच्या अक्षरातली गाण्यांची यादी होती.

मुंबईचा या सगळ्याशी असलेला संबंध मात्र गंमतशीर आहे. मेडन भारतात पहिल्यांदा आलं ते मार्च २००७मध्ये बंगळूरला. पुढच्याच वर्षी, १ फेब्रुवारी २००८ला, ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ या जगभरच्या दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर झाला. डिकिन्सन वैमानिक, बँड, माणसं आणि सामान असं सगळं एका बोइंग ७५७मध्ये भरून तो ते स्वतः उडवत घेऊन आला. कुर्ल्याहून आणि वांद्र्याहून काळे टी-शर्ट लोटत होते. ईशान्येकडची, केरळची पोरं दोन-दोन दिवस गाडीत बसून आलेली. मीही होतो त्या धुळीत.

दौऱ्याचं नाव कोणत्या अल्बमवरून घेतलंय ते उघड आहे. रंगमंच मात्र इजिप्तचा, ‘पॉवरस्लेव्ह’चा. गाण्यांचा हिशेब तर अजूनच स्पष्ट. ‘पॉवरस्लेव्ह’ची चार: ती वर सांगितलेली चार थोर गाणी, बरोब्बर तीच. ‘समव्हेअर इन टाइम’ची दोन: ‘वेस्टेड इयर्स’ आणि ‘हेवन कॅन वेट’. म्हणजे बँडच्या स्वतःच्या पसंतीने मी सपशेल हरलो होतो. आणि ‘राइम’ लागलं तेव्हा मला त्याचं काही वाटलंही नाही. जवळपास दोन दशकांनी ते गाणं मंचावर परत येत होतं आणि पहिला मान मुंबईचा होता. लाकडं करकरायला लागली तेव्हा शेजारचा, ‘पॉवरस्लेव्ह’चा कट्टर पाईक असलेला माझा एक मित्र कानाशी ओरडला, “आता सांग, कुठला मोठा?” मी म्हटलं, “गाणं हेच मोठं रे. अल्बम विचार.” तो म्हणाला, “तुझं डोकं फिरलंय,” आणि पुढची सहा मिनिटं आम्ही दोघेही बोलण्याच्या अवस्थेत नव्हतो.

‘अलेक्झांडर द ग्रेट’ तेव्हाही वाजलं नाही. ते बँडने कधीच मंचावर वाजवलं नव्हतं. चाहते वर्षानुवर्षं मागत राहिले, आणि २८ मे २०२३ला स्लोव्हेनियातल्या लुब्लियाना इथे, अल्बम आल्यानंतर सदतीसाव्या वर्षी, ते पहिल्यांदा वाजलं. त्या ‘फ्यूचर पास्ट’ दौऱ्यात ‘समव्हेअर इन टाइम’ची पाच गाणी होती आणि ‘पॉवरस्लेव्ह’चं एकही नव्हतं. मित्राला मी हे लगेच कळवलं. त्याने उत्तरादाखल ‘राइम’ची लिंक पाठवली.

बाकीच्या अल्बमांबद्दल मला फार बोलायचं नाही, पण क्रमवारी म्हटली की लोक विचारतातच. ‘सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन’, १९८८चा, या घडीला माझा दुसरा आहे. तिथे एकच कथा आहे, सुरुवातीचा अकूस्टिक तुकडा शेवटी परत येतो, आणि सिंथऐवजी सरळ कीबोर्ड आहेत. माझ्या दुबळ्या गाण्याच्या कसोटीला तो चोख उतरायला हवा, पण ‘द प्रॉफेसी’ ऐकताना प्रत्येक वेळी असं वाटतं की कथेत इथे काहीतरी घडायला हवं होतं म्हणून हे लिहिलं गेलं. ‘पॉवरस्लेव्ह’ तिसरा. यावर मित्र महिनाभर बोलणार नाही. ‘पीस ऑफ माइंड’ चौथा: ‘व्हेअर ईगल्स डेअर’च्या सुरुवातीला निको मॅकब्रेन ज्या पद्धतीने ड्रम्सवर स्वतःची ओळख करून देतो त्यासाठी मी पुष्कळ काही माफ करतो, पण ‘क्वेस्ट फॉर फायर’मध्ये पहिल्याच ओळीत डायनोसॉर आणि आदिमानव एकाच काळात नांदतात, आणि तिथे माझाही इलाज चालत नाही. आणि १९८२च्या ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ला पाचवं ठेवलं म्हणून कोणाला माझ्याशी भांडायचं असेल तर खुशाल या, फक्त येण्याआधी ‘गँगलँड’ पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये पुढे न ढकलता, एकदा ऐकून या.